शालनच्या मुऱ्या

"ही नको," गोपीनाथ म्हणाला. "हिला पट्टे आहेत. मला साधी पाहिजे."

"काका, साधी मासळी काचेत कोण ठेवणार? साधी बाजारात मिळते, बर्फावर." दुकानदार प्रीतमने जाळी परत पाण्यात सोडली. कल्याण स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं त्याचं दुकान एवढंसं होतं आणि चारी भिंतींना काचेच्या टाक्या होत्या.

गोपीनाथने बोट पुढे केलं. "एवढीच असते. मातकट, अंगावर अंधुक डाग, ओठांना बारीक मिशा. डोंगरातल्या ओहळात दगडाखाली राहते. आमच्याकडे मुरी म्हणतात."

"लोच मासा बोलताय तुम्ही. आहे ना. ही बघा, केशरी, इम्पोर्टेड. जोडीनेच घ्या पण. एकटी ठेवली तर खातच नाही, टेन्शन घेते."

"आपल्याकडची नाही?"

"आपल्याकडची ठेवून काय करू? ती हलतच नाही. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, जिवंत आहे की मेलेली." प्रीतम हसला. मग त्याचं लक्ष गोपीनाथच्या हातातल्या कडीच्या डब्याकडे गेलं. ॲल्युमिनियमचा जुना डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. "डब्यात काय आहे, दूध?"

"पाणी," गोपीनाथ म्हणाला आणि दुकानाबाहेर आला.

मुरबाडची एसटी पकडायची होती. तिकडे सासू वाट बघत होती. शालनच्या मुऱ्या घेऊन जावई आज येणार, हे तिने अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं.

शालन, गोपीनाथची बायको, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध डोंबिवलीत घरीच झालं. जेवणं उरकल्यावर सासू मंजुळाबाई म्हणाली होती, "समदं झालं, जावईबापू. पण तिच्या मुऱ्या सोडायच्या राहिल्यात. मला फोनवर बोललेली ती." गोपीनाथ तेव्हा उष्ट्या पत्रावळी गोळा करत होता. तो "हो" म्हणाला. या बाबतीत त्याच्या तोंडात दुसरा शब्द कधी आलाच नव्हता.

तो मानपाड्याकडच्या एका रंगाच्या कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होता. कंपनीचं सगळं घाण पाणी त्याच्याकडे यायचं. त्यात चुना टाकायचा, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी पुढच्या टाकीत सोडायचं. शेवटच्या टाकीला लागून एक काचेची पेटी होती. साफ झालेलं पाणी त्या पेटीतून पुढे नाल्यात जायचं आणि पेटीत मासे असायचे. सरकारी तपासणीला कोणी आलं की त्याला आधी तिथे न्यायचं. मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं. कागद वाचायला वेळ लागतो, मासा एका नजरेत दिसतो.

पण मासे टिकत नसत. सुरुवातीला लाल-सोनेरी मासे आणले. ते वर येऊन तोंड उघडत, कलंडत, मग आडवे होत. मॅनेजर गुरुदत्त साहेब सज्जन माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. "गोपीनाथ, जरा बघा काहीतरी," एवढंच म्हणायचे. "असं बरं दिसत नाही."

पाणी कशाने सुधारेल हे दोघांनाही माहीत होतं. त्यासाठी मोठी टाकी बांधायला हवी होती आणि ते काही गोपीनाथच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात मासे होते.

एकदा जेवताना तो शालनजवळ बोलून गेला.

"मग आमच्या ओहळातल्या मुऱ्या न्या की," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमच्या त्या सोनेरी माशांत काय दम? आमच्याकडे पुरात दगड वाहून जातात, पण मुरी हलत नाही. पोटाने चिकटून बसते."

पुढच्याच आठवड्यात तिचा भाऊ भगवान ह्याच कडीच्या डब्यातून मुऱ्या घेऊन आला. शालनने रात्रभर डबा ओट्याखाली थंडाव्याला ठेवला. मधूनमधून त्यात वरून धार धरून पाणी ओतत होती, त्यांना वारा मिळावा म्हणून. सकाळी गोपीनाथ तो घेऊन कामावर गेला आणि पेटीत ओतला. मुऱ्या सरळ तळाशी गेल्या आणि बसल्या.

त्या बसूनच राहिल्या. वर आल्या नाहीत, तोंडं उघडली नाहीत, कलंडल्या नाहीत. मुरीचं हेच आहे. धडधाकट असली तरी तळाशी चिकटून असते आणि मरायला टेकली तरी तळाशी चिकटून असते. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तपासणीचे साहेब वाकून बघत. "कुठले हे मासे?" "इथल्याच डोंगरातले, सर." "वा." साहेब सरळ होत आणि चहाला जात.

फरक गोपीनाथला कळायचा. कल्ले जोरात हलायला लागले की त्याला कळायचं. मिशा पांढऱ्या पडल्या की कळायचं. मग पहाटे, पहिली पाळी आत यायच्या आधी, तो चहाच्या गाळणीने मेलेल्या मुऱ्या काढायचा आणि गाळाच्या गोणीत टाकायचा. गोणीचं तोंड शिवायचा. गोण्या ट्रकने जायच्या. तिकडे नाल्याचा रंग रोज वेगळा असायचा. कंपनीत त्या दिवशी कुठला रंग निघाला हे नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा सांगता यायचं.

"भगवानला सांग, अजून थोड्या लागतील," तो घरी म्हणायचा.

"परत? एवढ्या मुऱ्या करतात काय तुम्ही, कालवण?"

"साहेबांना आवडल्या. वाढवायच्यात म्हणतात."

शालनच्या तोंडावरचा आनंद लपत नसे. शेजारणींना ती सांगायची, "आमच्या माहेरची माणसं ह्यांच्या कंपनीत लागलीत." गोपीनाथ तेव्हा कंत्राटावर होता. "आणि माझ्या माहेरचे आधी पर्मनंट झाले," ती म्हणायची. "हे अजून टेम्पररी." सगळ्या बायका हसायच्या. गोपीनाथही हसायचा.

तिला त्या बघायच्या होत्या. बायकांना आत सोडत नाहीत, पास लागतो, असं तो कितीतरी वेळा म्हणाला. पण दसऱ्याला मशिनची पूजा असते, त्या दिवशी घरच्यांना आत घेतात, हे तिला कुठून तरी कळलं. ती जरीच्या काठाचं लुगडं नेसून आली. मुलगी दीप्ती तेव्हा शाळेत होती, तीही आली. आदल्याच दिवशी भगवानने नव्या मुऱ्या आणून दिल्या होत्या आणि सकाळी गोपीनाथने पेटीतलं पाणी काढून पिण्याच्या नळाचं भरून ठेवलं होतं.

शालन पेटीसमोर उकिडवी बसली. काचेवर तळहात टेकून बघत राहिली. पूजेचं तबक एका हातात तसंच.

"ही मोठी पहिल्या खेपेची ना?" तिने विचारलं.

"हो."

"वाटलंच मला. बघा, ओळखते ती. माझ्याकडं तोंड करून बसलीय." मग तिने तबकातली हळद बोटाला घेतली आणि काचेला लावली.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथने काच पुसली. आठवड्याच्या आत पेटी परत मोकळी झाली.

पुढे तो पर्मनंट झाला. दीप्तीचं लग्न होऊन ती ठाण्याला गेली. शालनच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तो तिला रिक्षाने डायलिसिसला न्यायचा. पलंगावर नळ्या लावून पडलेली असताना ती त्या मशिनकडे बघायची. "तुमच्या प्लांटसारखंच आहे की हे," ती एकदा म्हणाली. "घाण पाणी आत, साफ बाहेर." नर्ससुद्धा हसली. मग थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, "आज मुऱ्यांना बघितलंत?"

"बघितलं."

"बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

शेवटच्या महिन्यात तिला फार बोलवत नव्हतं. एका दुपारी तिने त्याचा हात धरला. "तुम्ही रिटायर झालात की त्यांना तिथं ठेवू नका. कोण बघणार नंतर? ओहळात सोडून या. तुम्हाला सुटी आणि त्यांना नको?"

त्या दुपारी सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने तिच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाला, "हो, सोडून येतो."

ती गेल्यावर दोन पगार झाले आणि तो निवृत्त झाला. तोपर्यंत पेटीची गरजच उरली नव्हती. शेवटच्या टाकीवर मीटर बसला होता, त्याचे आकडे परस्पर वर कुठेतरी जात. काचेची पेटी भंगारात पडली होती, तिच्यात कोणीतरी जुने हातमोजे टाकले होते. नारळ आणि शाल घेऊन गोपीनाथ तिच्या शेजारून बाहेर आला.

मुरबाडच्या स्टँडवर भगवान मोटरसायकल घेऊन उभा होता. "दाजी, उशीर केलात. आई सकाळपासून ओहळावर जाऊन बसलीय. जेवलीसुद्धा नाय." त्याने डबा घ्यायला हात पुढे केला. हातात घेतला, जरा हलवला आणि थांबला. मग फडकं सोडून आत बघितलं.

"नुसतं पाणी हाय."

"हो," गोपीनाथ म्हणाला. "आईंना काय सांगायचं ते मी बघतो."

"काय सांगणार?"

गोपीनाथने डब्याकडे बघितलं. एसटीत पूर्ण वाटभर तो तेच शोधत आला होता.

भगवानने फडकं परत बांधलं. "मला काय कळत नव्हतं व्हय? मुऱ्या जगल्या तर पोरं होतील, एवढ्यांदा डबा कशाला लागंल? तिसऱ्याच खेपेला कळलं मला."

"मग देत का राहिलास?"

"ताई मागायची ना." भगवानने किक मारली. "फोनवर किती बोलायची त्यांच्याबद्दल. तिला कुठं सांगू. बसा."

गावाच्या अलीकडे त्याने गाडी पायवाटेला घातली आणि वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागे थांबवली. पावसाळा सरून पाणी निवळलं होतं. ओहळाच्या तळाचा खडा न् खडा दिसत होता. भगवानने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "उतरा, दाजी. फडकं धरा."

"नको भगवान. हे नको करू."

"खाली म्हातारी बसलीय. उतरा."

गोपीनाथ चपला काढून पाण्यात उतरला. दगडाच्या खालच्या बाजूला त्याने फडकं ताणून धरलं. भगवानने वरून पायाने दगड अलगद सरकवला. गढूळ धूर उठला, फडक्याला बारीकसा झटका बसला, आणि उचललं तर मधोमध एक मुरी होती, ओली, चकचकीत, कल्ले शांत हलवणारी. इतकी धडधाकट मुरी गोपीनाथने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. त्याच्याकडे यायच्या त्या डब्यातून प्रवासाने दमलेल्या, आणि पुढे पेटीत मरायच्या. तो फडकं तसंच धरून बघत राहिला. "नीट धरा," भगवान म्हणाला. "पळतील."

डबा भरल्यावर दोघे काठाकाठाने खाली आले. मंजुळाबाई एका सपाट दगडावर पाय पाण्यात सोडून बसली होती. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती तरी तिला नीट दिसत नव्हतं.

"आलात? आणल्या?"

"आणल्यात आई," भगवानच बोलला.

"इकडं आणा. बघू दे."

गोपीनाथने डबा तिच्या मांडीजवळ धरला. तिने बाही वर सारून हात आत घातला आणि बोटं सावकाश फिरवली. "कशा गुळगुळीत हायेत. मला वाटलेलं शहरात रोडावल्या असतील." ती हसली. "पाणी चांगलं असंल तुमच्या कंपनीचं."

भगवान दुसरीकडे बघत होता.

"हो," गोपीनाथ म्हणाला.

त्याने डबा पाण्याशी नेला आणि कलता केला. मुऱ्या पाण्याबरोबर घसरत बाहेर पडल्या आणि बघता बघता दगडांखाली गेल्या. कुठे गेल्या हे जागा माहीत असूनही दिसेना. सासूने डोक्यावरचा पदर पुढे ओढून ओहळाला हात जोडले. "पोचली गं बाय," असं काहीतरी ती स्वतःशी म्हणाली.

"थांबा, एक ऱ्हाऊ द्या," ती एकदम म्हणाली. "जावईबापू, एक तुम्ही न्या."

"नको, आई."

"न्या. दीप्ती तिच्या घरी, तुम्ही एकटे. घरात काहीतरी जितं पाहिजे. शालनची म्हणून ठेवा. मी फोन करून विचारीन."

डब्याच्या तळाशी एक मुरी उरलीच होती, कडेला चिकटून.

परत येताना त्याने डबा मांडीवर ठेवला आणि वाटभर त्यावर हात धरून बसला. ओहळातला एक पालथ्या वाटीएवढा दगड त्याने पिशवीतून आणला होता. घरी नळाचं पाणी परातीत काढून उघडं ठेवलं, त्याचा औषधाचा वास उडेपर्यंत. मग काचेच्या मोठ्या बरणीत घातलं. ही शालनची लोणच्याची बरणी. दगड ठेवला. मुरी सोडली. ती दगडाखाली गेली, तोंड तेवढं बाहेर.

दुसऱ्या दिवशी तो कल्याणला जाऊन प्रीतमकडून हवेचा छोटा पंप घेऊन आला. "मिळाली वाटतं साधी," प्रीतम म्हणाला. "काका, एक सांगू? वाहत्या पाण्यातली आहे ती. बरणीत नाही राहायची. टाकी घ्या मोठी, फिल्टर घ्या."

गोपीनाथने टाकीही घेतली. रोज थोडं पाणी बदलायचं, शिळं काढायचं, मुरवलेलं घालायचं. तांदळाएवढं खाणं टाकायचं. दीप्ती रविवारी जेवण घेऊन आली तेव्हा टाकीसमोरच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "बाबा, आईला डायलिसिसला न्यायचात तेव्हासुद्धा एवढा वेळ बसला नव्हतात."

ती सहज बोलून गेली. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं असावं, कारण बाहेर येऊन तिने त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "मी मस्करी केली हो."

"खरं आहे ते," गोपीनाथ म्हणाला.

मंजुळाबाईचा फोन संध्याकाळी यायचा, भगवानच्या मोबाइलवरून. "हाय ना?" "आहे." "खाते का?" "खाते." यात खोटं काही नव्हतं. हे दोन शब्द खरे बोलताना त्याला दर वेळी बरं वाटायचं आणि फोन ठेवला की जास्तच वाईट वाटायचं.

दिवाळी झाल्यावर त्याला कल्ल्यांची गती वाढलेली दिसली. त्याने सगळं पाणी बदललं. बाटलीबंद पाणी आणून बघितलं. पंप जोरात केला. मुरी दगडाखालून बाहेर येऊन उघड्यावर बसली. पाहुण्याने बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय छान शांत बसलीय. तिच्या मिशा पांढऱ्या पडल्या होत्या. गोपीनाथ खुर्ची ओढून बसला आणि उठला नाही.

सकाळी ती आडवी होती.

हात सवयीने चहाच्या गाळणीकडे गेला. गाळणी पाण्याशी नेल्यावर तो थांबला. ती परत खुंटीला अडकवून त्याने बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि मुरी तळहातावर घेऊन बाहेर काढली. शालनच्या तुळशीच्या कुंडीत तिला पुरली.

मग भगवानला फोन लावला.

"गेली," तो म्हणाला.

"मी उद्या कल्याणला येतोय, दाजी. एक घेऊन येऊ? आईला काय कळतंय."

"नको."

"रोज विचारती हो ती."

"म्हणूनच. आईंना दे फोन."

तिकडे भगवानने हाक मारली. कोंबड्यांचा आवाज आला. म्हातारीला अंगणातून यायला वेळ लागला. तोपर्यंत गोपीनाथ रिकाम्या टाकीकडे बघत उभा होता. पंप चालूच होता, बुडबुडे येत होते.

"काय वो, आज सकाळीच?"

"आई, मुरी मेली."

"अगं बाय. कशानं?"

"पाणी चांगलं नव्हतं."

"तुमच्या घरचं?"

"घरचं नाही आणि तिथलंही नाही, आई. कंपनीतलं. कधीच चांगलं नव्हतं."

पलीकडे नुसत्या कोंबड्या ओरडत राहिल्या. भगवान काहीतरी हळू बोलला, तिने त्याला "गप रं" म्हटलं. गोपीनाथला वाटलं तिने फोन ठेवला. त्याने कानापासून काढून बघितलं, फोन चालू होता.

"शालनला ठावं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

मग तिचा आवाज आला, बारीक, पण नेहमीसारखाच सरळ.

"डबा आमचा हाय तो. परत आणून द्या."

"आणतो."

"कुणाच्या हाती पाठवू नका. तुम्हीच या."

फोन बंद झाला. गोपीनाथने पंपाचं बटण बंद केलं. मग ओट्याखालून कडीचा डबा काढला, राखेने आतून-बाहेरून घासला, विसळला आणि वाळायला खिडकीत पालथा ठेवला.